शब्दामागे एक सूत

मी ज्या चित्रावर लिहितो ते चित्र लहान होते. शब्दामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. छापलेला शब्द धरला जातो, व्याख्यानात उच्चारलेला धरला जातो, टपरीवर चहा घेताना सहज बोललेलाही धरला जातो. मनात योजलेला तेवढा धरला जात नाही. म्हणून हे सर्व मी मनातच रचतो आहे.

हे प्रमाण मला दस्तगीर मुल्लाणी यांनी सांगितले. दस्तगीरमामा कोल्हापुरात चित्रांना चौकटी बसवतात. या जिल्ह्यातली बहुतेक चित्रे त्यांच्या हाताखालून गेली आहेत, आणि मी लिहू लागल्यापासून एकेक चित्र दोनदा, तीनदा गेले आहे, कारण दर लेखानंतर नवी, लहान चौकट लागते. निवृत्त होऊन पुण्याहून परतलो तेव्हा मी त्यांच्या दुकानात गेलो होतो. त्यांनी रंध्यावरून मान वर केली नाही.

"सर, हुपरीकरबाईंच्या चित्रावरचा तुमचा लेख बाराशे चार शब्दांचा हाय."

"तुम्ही वाचलात?"

"न्हाई. मोजला. चित्र तेरा फुटांचं हुतं, आता साडेपाच इंच हाय. मधलं सगळं तुमचं."

"चौकट बसवताना तुम्ही नजर तरी टाकली असेल."

"मी कोपरे बघतो सर. काटकोनात हाईत का न्हाई, एवढंच. मधी काय असतंय ते बघायला तुमच्यासारखी शिकलेली माणसं असत्यात."

घरी जाऊन मी शब्द मोजले. शीर्षक धरून बाराशे चार.

चित्र पोस्टकार्डाएवढे झाले की आकसणे थांबते. तोवर त्यातली माणसे, जनावरे आणि भांडी जागा न उरल्यामुळे बाहेर पडतात आणि माझ्या घरी येतात. लेखाच्या तळाशी माझे नाव आणि पत्ता असतो. तो वाचून येत असावीत. त्यांना पाठ नसते, कारण पाठ कोणी रंगवलेली नसते. म्हणून ती भिंतीला टेकून राहतात आणि खोल्या दरवर्षी थोड्या अरुंद होतात. बैठकीच्या खोलीतून मी आता आडवा चालतो. एक तबलजी आहे, ज्याच्या चित्रकाराला बोटे जमत नसत. तो तबल्याकडे पाहत बसतो. एक विवस्त्र स्त्री आहे. तिला मी शाल दिली. शाल तिला फक्त पुढूनच पांघरता येते, तेवढ्याने तिचे भागते.

चित्र पोस्टकार्डाएवढे झाल्यावरही त्यावर लिहिले, तर शब्द बाहेर आलेल्यांकडे वळतात. एका दिवंगत चित्रकाराच्या स्मृत्यर्थ मी दीड पान लिहिले, त्या दुपारी स्वयंपाकघरातली त्याची शेळी मांजराएवढी झाली. तिने तक्रार केली नाही. शेळ्यांना कलासमीक्षेची सवय नसते, परंतु त्या काहीही पचवतात.

आता मालन हुपरीकर हिच्या चित्राविषयी.

मालन माझी कलाविद्यालयातली सहाध्यायी. बाकीचे मैदानात बसून रेखाटने करीत तेव्हा मी ग्रंथालयात असे, म्हणून तिने मला 'पंडित' हे नाव ठेवले होते. एकोणतीस वर्षांपूर्वी तिने तेरा फूट रुंदीचे एकच तैलचित्र चार दिवस प्रदर्शनात मांडले. मी तेव्हा पुण्यात होतो. नियतकालिकाला लेख हवा होता. मुद्रक दोन दिवस थांबायला तयार होता. मीच थांबलो नाही. माझ्यासमोर काडेपेटीच्या आकाराचे एक काळेपांढरे छायाचित्र होते. त्यात एक भिंत दिसत होती आणि दुसरे काही दिसत नव्हते. त्या आधारावर मी लिहिले की या चित्रातून माणूस अखेर बाहेर पडला आहे. ही निर्मनुष्य भिंत हा चित्रकलेचा शेवटचा प्रामाणिक उद्गार आहे. यापुढे जो कोणी कुंचला हाती घेईल त्याला आपण उशिरा जन्मल्याचे भान ठेवावे लागेल. खाली मी दोन जर्मन टिपा दिल्या. त्या अचूक होत्या.

लेख अभ्यासक्रमात लागला. मला विभागप्रमुखपद मिळाले, आणि एका पिढीला कुंचला न धरण्याचे सबळ कारण. 'समकालीन कलेत चित्राचे स्थान' या विषयावर मी अकरा शहरांत बोललो. या सर्व काळात मी लेखाबद्दल बोललो, चित्राबद्दल एक शब्दही नाही. कोणी विचारलाही नाही. मालनने त्यानंतर दुसरे चित्र काढले नाही.

लेख छापून आला त्याच आठवड्यात एक बाई माझ्या घरी आली. ती बसलेली रंगवलेली होती, म्हणून बसलेलीच सरकत आली. मातकट लुगडे, हात मनगटापर्यंत काळे.

"भिंत कुठाय?" तिने विचारले.

मी पुस्तकांच्या कपाटाशेजारची जागा दाखवली. ती टेकली.

"तुमी बघितलासा काय मला?" ती म्हणाली.

"आत्ताच पाहिलं," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू हे उत्तर अपेक्षितच होते, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे काही विचारले नाही. ती कोणत्या चित्रातली, हे मी शोधण्याचा प्रयत्न केला, फार नाही. मालनच्या चित्रातली ती असणे शक्य नव्हते. त्यात माणूस नाही हे मीच सिद्ध केले होते. पुण्याहून सामान हलवताना टेम्पोतल्या जागेसाठी मी सर्वांची मापे घेतली. ती जमिनीपासून डोक्यापर्यंत चौतीस इंच भरली.

गेल्या महिन्यात शर्वरी इंगवले माझ्याकडे आली. उद्यमनगरातल्या एका बंद पडलेल्या फाउंड्रीत तिने कलादालन उभारले आहे. ती माझ्या एका विद्यार्थिनीची विद्यार्थिनी, म्हणजे तिच्या बाबतीत माझा दोष पातळ झालेला आहे. तबलजी आणि कपाट यांच्यामधल्या फटीत खुर्ची घालून तिने मांडीवर नकाशा उलगडला.

"इथे धुकं आहे सर. इथे सोळा स्क्रीन. आणि इथे एक कलाकार महिनाभर काहीही न करता बसणार आहेत."

"त्यांचं नाव?"

"ते नाव लावत नाहीत."

"आणि हा ठिपका?"

"ते पेंटिंगचं स्थान. यंदा आम्ही मुद्दाम ठेवलंय."

ठिपका स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात, आग विझवण्याच्या सिलिंडरशेजारी होता. मी त्यावर बोट ठेवले.

"फुटफॉल तिथेच सगळ्यात जास्त असतो सर," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "हुपरीकर मॅडमचं चित्र तिथे आणि मुख्य हॉलच्या भिंतीवर त्याच्यावरचा तुमचा नवीन मजकूर. तेरा फूट रुंद. भिंत आम्ही पांढरी करून घेतली, जुनी फार काळवंडली होती. अडीचशे शब्द हवेत."

"कधीपर्यंत?"

"शुक्रवारी दिलेत तरी चालेल. फक्त एक अडचण आहे. मॅडम चित्र द्यायला तयार आहेत, पण अट घातलीय. तुम्ही स्वतः जाऊन त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं."

"कोणत्या?"

"त्या चित्रात त्यांनी आईला काढलं होतं का." शर्वरी हसली. "मी म्हटलं, मॅडम, ते निर्मनुष्य आहे, आम्हाला परीक्षेला होतं. तर म्हणाल्या, म्हणून तर त्यालाच विचारायचंय. लेख येण्याआधी ते बघितलेलं दुसरं कोणी सापडत नाही ना त्यांना आता. त्यांना स्वतःला खात्री वाटत नाही. आईचा फोटो पण नाहीये त्यांच्याकडे. जरा हळवं प्रकरण आहे सर, पण तुम्ही 'नाही' म्हणून टाकलंत की संपेल."

"उत्तर देईन," मी म्हणालो. ते मला सोपे वाटले होते.

कपाटाशेजारची बाई शर्वरीच्या गुडघ्याकडे पाहत होती. शर्वरीने तिच्याकडे पाहिले नाही. तिने तिला अडगळ समजून पर्स तिच्या मांडीवर ठेवली होती, ती जाताना उचलली.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर मी लिहायला बसलो. पहिल्या परिच्छेदात मी भिंतीच्या रिकामेपणाकडे परतलो. रिकामेपणावर मला सहज लिहिता येते. त्यात अडवणारे कोणी नसते.

नव्वदाव्या शब्दाशी बाई म्हणाली, "टेबल उंच झालं की ओ."

मी पाहिले. टेबल होते तेवढेच होते. बाई पावणेतेवीस इंचांची झाली होती. शेळी, तबलजी, शाल पांघरलेली स्त्री, सगळी होती तेवढीच होती. लहान होत होती ती एकटी, आणि मी लिहीत होतो ते मालनच्या चित्राविषयी.

हे समजायला मला क्षणही लागला नाही. तेरा फुटांच्या त्या भिंतीखाली कोणीतरी बसले होते. छायाचित्र काडेपेटीएवढे होते आणि लुगड्याचा रंग भिंतीचाच होता. ती माझ्या घरात एकोणतीस वर्षे बसली होती आणि माझ्या आयुष्यातला एकमेव महत्त्वाचा सिद्धान्त तिच्या डोक्यावर, कपाटातल्या तिसऱ्या फळीवर, पाच आवृत्त्यांत उभा होता.

मी तिच्याकडे पाहिले. मग वाक्याकडे पाहिले. वाक्य जमत आले होते.

"एक मिनिट," मी म्हणालो.

मी आणखी एकशे साठ शब्द लिहिले. कोणी माझा हात धरला नव्हता. शेवटच्या परिच्छेदात 'अनुपस्थिती' हा शब्द दोनदा येत होता, तो मी एका ठिकाणी बदलून 'अभाव' केला. त्याने संख्येत फरक पडत नाही, लय सुधारते. मजकूर पाठवला. शर्वरीचे उत्तर लगेच आले: "अंगावर काटा आला सर."

मग मी खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर बसलो आणि पट्टी लावली. बावीस सूत. पावणेतीन इंच. आवाज मात्र पूर्वीएवढाच होता.

"झालं का लिहून?" तिने विचारले.

"झालं."

"मग चला तिच्याकडं."

कोणाकडे, हे मी विचारले नाही. चष्म्याच्या घरात मऊ फडके होते, त्यावर मी तिला ठेवले. पाठ नसलेल्या बाजूने ती फडक्याला चिकटली आणि झाकण लावण्यापूर्वी तिने डोळे मिटून घेतले.

मालन मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहते. दार उघडेच होते. शुगरने तिची दृष्टी जाऊन सहा वर्षे झाली, हे मला जिन्यात शेजारणीकडून कळले. इतक्या जवळ राहून मी गेलो नव्हतो. ती खिडकीतल्या उन्हात बसली होती. स्टुलावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पोस्टकार्डाएवढे चित्र तयार होते.

"आलास काय पंडित," ती म्हणाली. "जिना चढताना दोनदा थांबलास. म्हातारा झालास."

"तू कशी आहेस?"

"बघ की. तुला दिसतंय." तिने हाताने चाचपून माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "चहा टाकू का आधी उत्तर देतोस? त्या पोरीनं सांगितलं असंल."

"सांगितलं."

"तर ऐक. आई फाउंड्रीत गाभे करायची, ओतकामाच्या साच्यात बसवायचे. रेतीत काकवी घालून मळायची दिवसभर, हात कधी निघालेच नाहीत तिचे. दुपारच्या सुट्टीत भिंतीला टेकून बसायची. मी तिला तशी काढली, अशी माझी समजूत होती. मग तुझा लेख आला. मी वाचला आणि चित्रासमोर जाऊन उभी राहिले. बाई नव्हती, नुसती भिंत. चित्र पण धाकटं झालं होतं, पण मला त्याचं काही नाही वाटलं. मला वाटलं, पंडित एवढा शिकलेला, त्याला दिसली नाही म्हणजे मी काढलीच नसणार. मनात काढली असंल. तोवर आई गेली होती. तिचं तोंड मला आता आठवत नाही. मी तिला काढली होती का रे? एवढंच सांग. हो म्हण नाहीतर नाही म्हण, भाषण देऊ नको."

"होती," मी म्हणालो.

एकवीस.

मी चष्म्याचे घर उघडले आणि बाईला तिच्या तळव्यावर ठेवले. मालनने दुसऱ्या हाताचे बोट तिच्यावरून एकदा फिरवले, मग उलट दिशेने एकदा.

"हा माझा ब्रश आहे," ती म्हणाली. "हे चपट्या ब्रशचं. इथं मी अंगठ्यानं दाबलं होतं." तिने बोट तिथेच ठेवले. "कुठं होती?"

"घरात."

"तुझ्या? कधीपासनं?"

"एकोणतीस वर्षं."

अठरा. बाईने तळव्याच्या रेषांवर नीट बसून घेतले.

"आणि ओळखली नाहीस."

"नाही."

"चित्र बघूनसुद्धा?"

या प्रश्नाचे उत्तर मी आयुष्यभर टाळले होते. ते द्यायची वेळ आली तर किती लांब जावे लागेल, कोणकोणत्या परिस्थितीचा उल्लेख करावा लागेल, मुद्रकाला कुठे आणावे लागेल, याचा आराखडा माझ्याजवळ तयार होता. तो चारशे शब्दांच्या खाली कधीच बसत नव्हता.

"चित्र पाहिलं नव्हतं," मी म्हणालो.

तीन शब्द लागले.

मालनचा चेहरा बदलला नाही. तिने फक्त तळवा स्वतःकडे किंचित ओढून घेतला. खाली रस्त्यावर कोणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करीत होते. तो सौदा तुटेपर्यंत ती ऐकत राहिली.

"माझ्या वर्गात सगळ्यात हुशार तू होतास," ती म्हणाली. "मी एका हुशार माणसाचं ऐकून गप बसले, असं तीस वर्षं लोकांना सांगितलं."

बोलण्यासारखे पुष्कळ होते आणि त्यातला प्रत्येक शब्द चित्राविषयीच होता.

"आता फार बारीक झालीय," ती म्हणाली. बोट पुन्हा शोधत होते. "अंग लागतंय बोटाला, तोंड लागत नाही. तू सांग. लिहिणारा ना तू? सांग कशी दिसते."

"मालन."

"मला ठाऊक आहे काय होतं ते. माझंच चित्र आहे, मी नाही बघितलं? किती शब्द उरलेत?"

"चौदा," मी म्हणालो, आणि तेरा उरले.

"हे बघ, एक असा घालवलास. आता नीट बोल. तुझी सवय वाईट आहे, वाक्य लांबवतोस."

मी खुर्ची तिच्याजवळ नेली, चष्मा लावला आणि वाकलो. आयुष्यात मी प्रथमच मालन हुपरीकर हिचे चित्र पाहिले. ते तिच्या तळहातावर होते, दीड इंचाहून थोडे अधिक, आणि ते फार चांगले होते. हे वाक्य मी मनातच ठेवले.

"कपाळावर रेती," मी म्हणालो.

"हं."

"डावा डोळा किंचित मिटलेला."

"'किंचित' कशाला घातलास?"

तिचे बरोबर होते. तो शब्द मी चाळीस वर्षे प्रत्येक परिच्छेदात वापरला आहे आणि त्याने कधी कोणाचे काही भले केले नाही. एक सूत त्यात गेले. मी अधिक जवळ झुकलो.

"नाकात चमकी."

"खोटी होती. खऱ्यासारखी काढली होती मी, तिला बरं वाटावं म्हणून. पुढं?"

"पदर दातांत."

मालन एकदम पुढे वाकली. "का? पदर का दातांत?"

"हसू दाबलेलं."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे मला सांगता येत नाही. "हां," ती म्हणाली. "नीट बस म्हटलं की हसायची ती. मला ओरडायची, पोरी, लोक बघत्यात, आणि हसायची. ही आईच. मी काढली होती. हसताना काढली होती मी तिला." डोळ्यांतले पाणी तिने खांद्याला पुसले, कारण दोन्ही हात गुंतले होते. एक खाली होता आणि दुसरा त्यावर वारा लागू नये म्हणून आडवा धरला होता.

बारा शब्द झाले. एक सूत उरले.

"आता एकच," मालन म्हणते. "एवढंच सांग आणि मग गप बस. ती बघते कुणाकडं? मी समोर बसून काढली होती. माझ्याकडंच बघत असंल ना?"

तिच्या तळव्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी बाई दातांतला पदर सोडते, मान वळवते आणि सरळ माझ्याकडे पाहते. मालन कान माझ्या तोंडापाशी आणून उत्तराची वाट पाहते आहे.